तुकोबारायांच्या घरची माणसे

भाविकजनहो, तुकोबारायांचे चरित्र सांगताना आम्ही कीर्तनकार मंडळी फार घाई करतो. दुष्काळ पडला, बायको गेली, वैराग्य झाले, महाराज डोंगरावर जाऊन बसले. एवढे सांगितले की टाळ वाजलेच. मधल्या दिवसांत त्या घराने काय केले, ते राहून जाते. आज तेवढेच सांगावयाचे आहे.

देहूचे हे घर खाऊनपिऊन सुखी. विश्वंभरबुवांपासून चालत आलेली पंढरीची वारी, गावची महाजनकी, वाण्याचे दुकान, थोडी सावकारी. जन्मशक बहुतेक जण १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मानतात. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. सावजींचे मन प्रपंचात नव्हते, म्हणून दुकानाचा भार कोवळ्या वयातच तुकोबांवर आला. पुढे आईवडील गेले, भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. पहिली बायको रखमाबाई दम्याने आजारी, म्हणून पुण्याच्या गुळव्यांची जिजाबाई दुसरी करून आणलेली. त्यात १६३०-३१ चा तो भयंकर दुष्काळ आला. रखमाबाई अन्नावाचून गेल्या, लहानगा संतोबा गेला, दिवाळे निघाले. वय उमेदीचे, अवघे बाविसाच्या आसपास! ज्या गावात महाजन म्हणून मान, तिथेच चारचौघांत जाण्याची लाज वाटू लागली. हे त्यांनी स्वतःच आपल्या अभंगांतून सांगून ठेवले आहे, काही झाकले नाही.

मग तुकोबा कोणाला न सांगता उठून भामनाथाच्या डोंगरावर गेले. ते वैराग्य होते की खचलेले मन होते, असे मला पुष्कळ जण विचारतात. ज्या अंतःकरणात पुढे एवढे ज्ञान उतरले, त्याला आजाराचे नाव देण्याचा मला अधिकार नाही. पण बरं का, घरच्यांना त्या दिवशी एवढेच ठाऊक होते की आपला माणूस अन्नपाणी सोडून कुठेतरी निघून गेला आहे.

शोधायला कान्होबा निघाले. रान, दऱ्या, डोंगर धुंडाळीत अखेर भामनाथावर पोचले. पंधरा दिवस लोटले होते, असे चरित्रकार सांगतात. आता विचार करा, आईबाप कान्होबांचेही गेले होते, दुष्काळ त्यांच्याही ताटावर पडला होता. ते रागावते तर कोण नावे ठेवणार होते? पण त्यांनी भावाला हिशेब विचारला नाही. त्याला खाली आणले, इंद्रायणीच्या काठी बसवून आधी दोन घास खाऊ घातले. मगच खतपत्रांची गोष्ट निघाली. कर्जखतांचे दोन वाटे झाले. तुकोबांनी आपला वाटा इंद्रायणीत सोडला आणि कान्होबांचा त्यांच्या हाती दिला. हा प्रसंग आम्ही तुकोबांच्या त्यागाचा म्हणून रंगवतो, आणि तो आहेच. पण कान्होबांकडेही पाहा. थोरला भाऊ घरचे येणे पाण्यात सोडतो आहे आणि धाकटा त्याचा हात धरीत नाही, त्याला वेडा म्हणत नाही. आपला प्रपंच आपण सांभाळतो आणि भावाला त्याच्या वाटेने जाऊ देतो.

आणि जिजाबाई! तिच्या जिभेवर आम्ही लोकांनी किती हशा पिकवला आहे! मीही पिकवला, आता त्याची खंत वाटते. तोंडाने ती बोलली असेल, नाही असे नाही. पण तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसत, तेव्हा भाकरी घेऊन डोंगर चढणारी तीच. नवरा जेवल्यावाचून जेवायचे नाही, हा तिचा नेम. एकदा तिच्या पायात काटा रुतला आणि तो देवाने येऊन काढला, अशी कथा आहे. देवाचे देव जाणे, पण अनवाणी पायाने त्या वाटेवर किती काटे मोडले असतील!

चरकाचार्यांनी उन्मादचिकित्सेत, प्रिय वस्तू गमावल्याने ज्याचे मन घायाळ झाले त्याला सांत्वनाने आणि आश्वासनाने शांत करावे, सुहृदांनी त्याच्याशी हिताचे बोलावे, असे सांगितले आहे. पाठशाळेत हे घोकले तेव्हा केवळ पाठांतर होते. पुढे एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक माउली भेटली. तिचा तरणा मुलगा महिनोन्‌महिने बोलत नव्हता, डॉक्टरांचे औषध चालू होते. भावकी म्हणे, सोंग करतो. ती मात्र रोज त्याच्याजवळ पान मांडून आपणही तिथेच जेवायला बसे. मला तिच्यात जिजाबाई दिसली.

तुकोबा सावरले ते घर सोडून नव्हे. पडके विठ्ठलमंदिर त्यांनी नीट केले, एकादशीला कीर्तन करू लागले, संतवचने पाठ केली, अभंग स्फुरू लागले. मुलेबाळे झाली. १६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले, तेव्हा जिजाबाई गरोदर होत्या. त्या पोटचे नारायणबाबा, ज्यांनी पुढे १६८५ मध्ये पालखी सुरू केली. आणि कान्होबा? गाथेत त्यांचेही अभंग आहेत. एकदा डोंगरावरून शोधून आणलेला भाऊ या वेळी सापडायचा नव्हता. त्यांनी विठ्ठलाशीच भांडण मांडले, आणि ते भांडण गाथेत तसेच ठेवलेले आहे.