ताराबाई मोडक : अंगणातल्या शाळेची कहाणी

आपल्या शाळेच्या बालवर्गात आश्विन-कार्तिकात वाळलेल्या पानांची तोरणे लागत, चिंचोक्यांच्या रांगोळ्या मांडल्या जात. तो केवळ विरंगुळा आहे असे तेव्हाच्या अनेक पालकांना वाटे. आजच्याही काहींना वाटते. या विरंगुळ्याला शिक्षणाचे स्थान मिळवून देण्यासाठी ज्या बाईंनी आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडकांचे स्मरण या हीरक महोत्सवी ग्रंथात व्हावे, हे उचित आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. माहेरच्या त्या केळकर. प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणात त्या वाढल्या आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास विभक्त झाल्यावर लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्यांनी राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. त्या काळी एका एकट्या स्त्रीने मिळवलेले हे स्थान मोठेच होते. तेही सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांकडे गेल्या, ती कशासाठी? तर अडीच-तीन वर्षांच्या मुलांना शिकवण्यासाठी. पुढे १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली.

भावनगरला त्यांना माँटेसरी पद्धतीचा जवळून परिचय झाला. त्या पद्धतीचा प्राण तिच्या साधनांत आहे. उदाहरणार्थ, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा. मूल ते चढत्या-उतरत्या क्रमाने रचते, चूक झाली की मनोऱ्याकडे पाहून स्वतःच ओळखते आणि दुरुस्त करते. पद्धत उत्तम होती. परंतु अशी नेमक्या मापाची साधने घडवून घ्यायची तर खर्च आला. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले, तेव्हा शहरातील मध्यमवर्गाला तो खर्च कसाबसा झेपत असे. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना येथेच येऊन मिळाल्या. समुद्रकाठच्या या गावी त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या यांनाच साधन केले. लहान शिंपल्यापासून मोठ्यापर्यंत रांग लावली की क्रमाचे ज्ञान होते. खडबडीत आणि गुळगुळीत खडे वेगळे केले की स्पर्शाचे शिक्षण होते. गुलाबी मनोरा जे शिकवी, तेच किनाऱ्यावर विनामूल्य पडलेले होते. ताराबाईंचे खरे मोठेपण मला या ओळखीत दिसते. त्यांनी तत्त्व उचलले आणि लाकूड मागे ठेवले.

तरीही दलित वस्तीतील मुले बालवाडीत येत ना. अस्पृश्यतेची भिंत होतीच, शिवाय घरी धाकटी भावंडे सांभाळायची असत. तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. एखाद्या घराच्या अंगणात मुले जमवायची, त्यांना स्वच्छ करायचे, तिथल्याच वस्तूंनी खेळवायचे. हीच अंगणवाडी. १९५७ मध्ये कार्य डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले आणि कुरणशाळा उभी राहिली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडीही येथलीच.

आपल्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी आज बंगळुरूच्या सर्जापूर रोडवरील उंच इमारतींत संसार करीत आहेत. अंगण नाही, अशी त्यांची तक्रार असते. परंतु संकुलातल्या झाडाखाली आश्विनात जे पडते, ते पुरेसे आहे. गुलमोहराची वाळलेली शेंग हलवली की खुळखुळा होतो. पानाच्या शिरांच्या बाजूला ओला गेरू फासून ते कागदावर दाबले की ठसा उमटतो, आणि दोन वर्षांच्या मुलालाही तो जमतो. थोडी मोठी मुले पाने लहान-मोठी लावून जाड दोऱ्यात ओवतील. नवरात्रात शेजारच्या कन्नड घरी बाहुल्यांची आरास, म्हणजे गोंबे, मांडली जाते. तीत मुलाने मातीची वेडीवाकडी गाय नेऊन ठेवली तर तिला मानाची जागा मिळावी. मात्र मुलाचे बोट धरून आपणच सुबक वस्तू करू नये. आणखी एक : तीन वर्षांखालील मूल सर्व काही तोंडात घालते, म्हणून बारीक बिया दूर ठेवाव्यात. दिसायला मोहक असली तरी गुंज आणि एरंडीचे बी विषारी असते.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. वार्धक्यातही त्यांचे लक्ष कोसबादकडेच राहिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढील कार्य अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत, सांभाळले. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव दिले. कर्नाटकातही त्या केंद्रांच्या कन्नड फलकांवर हाच शब्द असतो. इमारती बांधणाऱ्या मजुरांची मुले त्या दारातून आत जातात, तेव्हा बोर्डीच्या वस्तीत रुजलेल्या नावाखालूनच जातात.