देवाच्या दरबारातील पश्चात्तापदग्ध कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

मराठी काव्यरसिकांना नारायण वामन टिळक ठाऊक आहेत ते फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून. बालकवी ठोंबरे यांच्यासारख्या प्रतिभावंताला मायेने जवळ करणारे वडीलधारे कवी म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. मात्र सातारा शहराशी त्यांचे नाते निराळे आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, 1917 मध्ये, त्यांनी येथेच ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. आपली चूक उमगली की ती निमूटपणे मान्य करायची आणि आयुष्याची दिशाच बदलायची, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष या घटनेत ठळकपणे दिसून येतो.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. नाशिकला संस्कृतचे अध्ययन करीत असतानाच नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अमर झाल्या. टिळक बुद्धिमान आणि उदार असले तरी कमालीचे तापट होते. पैशाचा हिशेब नाही, एका गावी पाय ठरत नाही आणि मनात आले की घरी न सांगता निघून जायचे, असा त्यांचा खाक्या होता. त्याची झळ अर्थातच लक्ष्मीबाईंना सोसावी लागे.

<b>न सांगता घेतलेला निर्णय</b>

राजनांदगाव संस्थानाकडे जात असताना रेल्वेच्या डब्यात एका परक्या प्रवाशाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. दीर्घ अंतर्द्वंद्वानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. श्रद्धेचा हा निर्णय प्रामाणिक होता. पण तो पत्नीला विश्वासात न घेता झाला. पदरी लहानगा दत्तू, समाजाचा रोष आणि जिवंत पतीचा वियोग असे त्रिविध दुःख लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. पुढची काही वर्षे त्यांनी माहेरच्या आप्तांच्या आधाराने काढली. पंढरपुरातील वास्तव्य याच काळातले.

पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांतून पाणी काढणे नव्हे, तर मन पालटणे, असा ख्रिस्ती शिकवणुकीचा अर्थ आहे. टिळकांच्या बाबतीत हा पालट वागण्यातून दिसला. पत्नीवर आपला धर्म लादण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) त्यांच्याकडे आल्या तेव्हा सोवळेओवळे आणि वेगळी चूल त्यांनी सांभाळली आणि टिळकांनी ती सांभाळू दिली. पूर्वीचा हुकमी नवरा आता वाट पाहायला शिकला होता. जातिभेद माणसाने निर्माण केला आहे, ही जाणीव लक्ष्मीबाईंना पुढे त्यांच्याच विचारांतून झाली. 1900 मध्ये त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचा राग मात्र एका दिवसात गेला नाही. तो उसळे, ओसरे आणि मागाहून त्यांना शरमिंदे करी. लक्ष्मीबाईंनी पतीचे हे दोष ‘स्मृतिचित्रां’त कोठेही झाकले नाहीत, त्यावर कडवटपणाचा डागही पडू दिला नाही. चुकल्यावर वाकणाऱ्या माणसावरच असे प्रेम जडू शकते.

<b>साताऱ्यातील नवे पर्व</b>

अहमदनगरच्या वास्तव्यात टिळक धर्मशिक्षक झाले, 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. ख्रिस्ती धर्म हा परक्यांचा, परक्यांच्या पैशावर पोसलेला धर्म आहे, असा आक्षेप देशबांधव घेत. टिळकांनी त्यावर प्रतिवाद करण्यापेक्षा आत्मपरीक्षण केले. आपण स्वतः सुमारे दोन तपे मिशनच्या वेतनावर जगत आलो आहोत, हे सत्य त्यांना बोचू लागले. टीकेतील खरा अंश त्यांनी स्वीकारला आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मिशनची चाकरी सोडली. संसाराची बसलेली घडी पुन्हा विस्कटणार, हे दिसत असतानाही त्यांनी माघार घेतली नाही.

साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होते. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या रुग्णालयाने 1894 पासून रुग्णसेवेचा लौकिक मिळविला होता. मिशनऱ्यांच्या या सेवेविषयी टिळकांना आदर होता. परंतु ख्रिस्ताची भक्ती या मातीच्या वळणाने फुलावी, अशी त्यांची तळमळ होती. ‘देवाचा दरबार’ यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधुभावाने एकत्र यावेत, ही त्यामागील कल्पना. तुकोबांच्या अभंगपरंपरेतून टिळकांनी भजने रचली आणि कीर्तनाला ख्रिस्तचरित्राची जोड दिली.

हा प्रयोग रुजायला मात्र पुरेसा अवधी मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एकेकाळी ज्यांना न सांगता ते निघून गेले होते, त्याच लक्ष्मीबाईंनी त्यांचे काम आपले मानून हाती घेतले.

दरबार टिकला नाही, पण टिळकांची भजने टिकली. सातारा, सांगली, मिरज परिसरातील असोत वा अन्यत्रची, मराठी उपासनेत ती आजही टाळ-पेटीच्या साथीने गायिली जातात. दोष दाखविणाऱ्याचा राग येणे स्वाभाविक असते. त्या रागापलीकडे जाऊन स्वतःला बदलणे किती कठीण आणि तरीही किती शक्य आहे, हे टिळकांचे चरित्र सांगते.