शस्त्रक्रिया फुकट, तरीही नको

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट केली म्हणजे गरीब माणसे ती करून घेतील, असे आपण गृहीत धरतो. हा समज ज्यांनी स्वतःच्या कामात खोटा ठरताना पाहिला आणि त्याची कारणे शोधली, ते मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी. नेत्रवैद्यकात ते डॉ. व्ही. म्हणूनच ओळखले जातात.

१९१८ मध्ये तमिळनाडूतील वडमलापुरम या खेड्यात एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. नात्यातल्या तीन तरुण बहिणी बाळंतपणात दगावल्या, म्हणून त्यांना प्रसूतितज्ज्ञ व्हायचे होते. १९४४ मध्ये मद्रासला पदवी घेऊन ते सैन्यात डॉक्टर झाले. पण ऐन उमेदीत संधिवाताने गाठले, बोटे कायमची वाकडी झाली आणि बाळंतपणे करणे अशक्य झाले. मग त्यांनी नेत्रशाखा निवडली. त्याच बोटांत चाकू धरायला ते नव्याने शिकले आणि आयुष्यात एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या.

१९५६ पासून ते मदुराईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेत्रविभागाचे प्रमुख होते. तिथूनच त्यांनी गावोगावी शिबिरे सुरू केली. तपासणीला गर्दी होई. पण ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली, त्यातले कितीतरी जण पुढे फिरकतच नसत.

अडाणीपणा म्हणून हात झटकणे सोपे होते. डॉ. व्हीं.नी गिरिजा ब्रिलियंट यांच्यासोबत या न येणाऱ्यांचाच अभ्यास केला. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. कारणे अगदी घरगुती होती. गाडीभाड्याला आणि जेवणाला पैसे नाहीत. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते. घरात नेणारे कोणी नाही. आता या वयात कशाला, अंदाजाने चालतेच आहे. आणि भीती. ही भीती काही अगदीच निराधार नव्हती. तेव्हा डोळ्यात भिंग बसवत नसत. जाड काचेचा चष्मा लागे आणि तो फुटला की माणूस पुन्हा आंधळा.

हे गणित मीरा-भाईंदरमधल्या पालीसारख्या मच्छीमार गावातही अनोळखी वाटणार नाही. मासेमारीच्या हंगामात घरातले हात बंदरावर आणि बाजारात गुंतलेले. आजीला रुग्णालयात नेणार कोण? जूनमध्ये मासेमारी बंद झाली की सवड मिळते, पण पावसाळ्यात ऑपरेशन नको, जखम चिघळते, असे कुणीतरी सांगतेच. खरे तर आजच्या शस्त्रक्रियेला ऋतू आडवा येत नाही. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणेही चुकीचे. फार पिकलेल्या मोतीबिंदूने डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

१९७६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त होऊन डॉ. व्हीं.नी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय उघडले. भाऊ, बहिणी, मेहुणे सगळ्यांना त्यांनी या कामाला जुंपले. पैसे देऊ शकणाऱ्यांच्या शुल्कातून गरिबांचा खर्च भागे. पुढे शिबिरातूनच रुग्णांना बसमध्ये घालून मदुराईला आणायचे, जेवण द्यायचे, शस्त्रक्रिया करायची आणि गावी परत सोडायचे, अशी पद्धत बसली. एकाच गावातले पाच-दहा जण मिळून गेले की निम्मी भीती बसमध्येच जाई, आणि घरच्या माणसाची मजुरीही वाचे. १९९२ मध्ये अरविंदच्या ऑरोलॅबने स्वस्त भिंगे बनवायला सुरुवात केली आणि जाड चष्म्याची कटकट मिटत गेली.

मन वळवायचे कोणी, हाही प्रश्न होता. दक्षिण भारतातल्या खेड्यांत वेगवेगळे उपाय करून पाहिलेला एक अभ्यास १९९१ मध्ये आला. त्यात दोन गोष्टी उठून दिसल्या: सगळा खर्च उचलणे, आणि आधी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने घरोघरी जाऊन सांगणे. ज्याला आता दिसते आहे, असा माणूसच दारात उभा राहिल्यावर फलकाची गरज उरत नाही.

७ जुलै २००६ रोजी डॉ. व्हीं.चे निधन झाले. तोवर मदुराईखेरीज तेनी, तिरुनेलवेली, कोइमतूर आणि पाँडिचेरीतही अरविंदची रुग्णालये उभी राहिली होती, आणि शिबिरांच्या बसगाड्या तिथेही येत होत्या.