तराजूशी प्रामाणिक राहिलेला शास्त्रज्ञ : आंत्वान लव्हाझिए



पाणी उकळून वाफ होणे हा भौतिक बदल आणि लाकूड जळून राख होणे हा रासायनिक बदल, ही व्याख्या आपली मुले घडाघडा म्हणतात. पण हा भेद माणसाला उमगायला शतके लागली, हे आपण ध्यानात घेतो का?

आंत्वान लव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. वडिलांप्रमाणे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. मन मात्र विज्ञानात रमले. पाणी पुष्कळ उकळले की त्याची माती होते, असा त्या काळी समज होता. कारण भांड्यात गाळ उरत असे. लव्हाझिए यांनी बंद काचपात्रात पाणी तब्बल १०१ दिवस तापवले. आधी वजन केले, नंतरही केले. पाणी होते तेवढेच राहिले; वजन घटले ते पात्राचे. गाळ काचेचा होता!

वस्तू जळताना तिच्यातून फ्लॉजिस्टन नावाचे द्रव्य निघून जाते, असेही विद्वान मानीत. मग तापवलेल्या धातूचे वजन वाढते कसे? १७७४ मध्ये त्यांनी बंद पात्रात कथील तापवले. एकूण वजन बदलले नाही. पात्र उघडताच हवा आत शिरली आणि वजन वाढले. म्हणजे कथिलाने आतल्या हवेचा काही भाग घेतला होता. हा वायू शेले व प्रीस्टली यांनी वेगळा केला होता. त्याचे जळण्यातील कार्य ओळखून ऑक्सिजन हे नाव दिले लव्हाझिए यांनी. बदलात पदार्थाचे रूप पालटते, एकूण वजन तेच राहते, हा नियम त्यांनी १७८९ च्या ग्रंथात मांडला. त्यातील चित्रे पत्नी मारी यांनी काढली होती. पतीसाठी त्या इंग्रजी शिकल्या आणि त्यांनी भाषांतरेही केली.

लव्हाझिए सरकारी करवसुलीच्या मक्त्यात भागीदार होते. लोकांचा त्या मक्तेदारांवर रोष होता. राज्यक्रांतीत, ८ मे १७९४ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांचा नियम मात्र आजही प्रत्येक प्रयोगशाळेत पाळला जातो.

मित्रांनो, पुस्तकातले वाक्य पाठ करा, पण ते कशावरून खरे, हेही विचारा. आणि पालकहो, मुलाने असे विचारले तर त्याला गप्प बसवू नका. घरात तराजू असेल तर तो त्याच्या हाती द्या.