वालचंद हिराचंद आणि सुट्या भागांचा प्रश्न

इंदापूर तालुक्यातील कळंब गावाजवळ वसलेले वालचंदनगर महाराष्ट्रात प्रसिद्धीस आले ते साखरेमुळे. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते त्या वालचंद हिराचंद यांचे स्मरण मात्र जहाज, विमान आणि मोटार या तीन उद्योगांचे आद्य प्रवर्तक म्हणून केले जाते. हा गौरव यथार्थ असला तरी त्यातून त्यांच्या आयुष्यातील मुख्य झगडा नजरेआड होतो. कारखान्याला जे जे बाहेरून आणावे लागते ते कोणाच्या मर्जीने मिळावे, या प्रश्नाशी हा उद्योगपती जन्मभर झुंजत राहिला. मोबाइल फोनची जुळणी आज भारतात मोठ्या प्रमाणावर होते, पण त्यातील चिप बव्हंशी परदेशातून येते. अशा वेळी त्या झगड्याचा हिशेब पुन्हा मांडणे उद्बोधक ठरेल.

कंत्राटदारीतील धडे

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. मुंबई व पुणे येथे त्यांचे काही काळ महाविद्यालयीन शिक्षण झाले. पदवी मात्र त्यांनी घेतली नाही. घरच्या पेढीवर त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील कारकुनी सोडलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेतले. एकाकडे कामाची माहिती होती, दुसऱ्याकडे भांडवल उभे करण्याची ऐपत होती.

कंत्राटदाराचा नफा बोलीच्या आकड्यावर ठरतो असे वरवर वाटते. वस्तुतः तो माल वेळेवर मिळण्यावर ठरतो. सिमेंट, रूळ वा नळ यांपैकी एक जरी अडला तरी मजूर बसून राहतात आणि व्याज मात्र चालू राहते. पुढे बोगदे व जलवाहिन्या यांसारखी मोठी कामे हाती आल्यावर वालचंदांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी काढून काँक्रीटचे नळ देशातच तयार करण्यास प्रारंभ केला. जी वस्तू अडू शकते ती आपल्या ताब्यात असावी, हे सूत्र येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

त्याआधी समुद्रावर त्यांना याच सूत्राची दुसरी बाजू दिसली होती. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी प्रभृतींबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नवागताची कोंडी केली, आणि १९२३ च्या करारान्वये सिंदियाच्या वाढीवर मर्यादा आल्या. माल आपला, ग्राहक आपला, पण वाहतूक दुसऱ्याच्या हाती, अशा स्थितीत व्यापाराचा नफा वाहतूकदाराकडे जातो, हा अर्थशास्त्राचा धडा वालचंदांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

कळंबचा प्रयोग

नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि इंदापूर तालुक्यात कळंब येथे वालचंदांनी शेती व कारखाना एकत्र आणण्याचा प्रयोग केला. ऊस ही वस्तूच अशी की तोडल्यावर तो लवकर गाळला नाही तर त्यातील साखर घटत जाते. त्यामुळे पुरवठा खात्रीचा नसेल तर लाखो रुपयांची यंत्रसामग्री निरुपयोगी ठरते. नीरा कालव्याचे पाणी, विस्तीर्ण मळे, गाळप आणि कामगारांची वसाहत या साऱ्या कड्या एका व्यवस्थापनाखाली आल्या. १९३२ च्या कायद्याने साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाल्याने बाजारपेठेचीही हमी लाभली. कालांतराने वालचंदनगरमध्ये साखर कारखान्यांची यंत्रे तयार होऊ लागली, आणि पुढे अणुऊर्जा केंद्रांसाठी व अवकाश संशोधन संस्थेच्या अग्निबाणांसाठी अवजड भाग बनू लागले. वालचंदांच्या पश्चात झालेली ही प्रगती त्यांनी घातलेल्या पायावरच उभी होती.

या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा मळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या गेल्या होत्या. १९६१ च्या जमीनधारणा कायद्यानंतर मळ्यांची जमीन शेती महामंडळाकडे गेली, आणि खंडकऱ्यांना आपल्या जमिनींसाठी अनेक दशके लढावे लागले. पुरवठ्याची हमी मिळवताना तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न कोणत्याही काळी टाळता येत नाही.

विमान, जहाज, मोटार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वालचंदांनी विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाचे साहाय्य आणि म्हैसूर संस्थानचे भांडवल मिळवून डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी केली. पुढल्याच वर्षी तेथे जुळवलेले पहिले विमान आकाशात गेले. पण आराखडा, इंजिन व बहुतेक भाग अमेरिकेतून येत होते. १९४२ मध्ये सरकारने कंपनीचा ताबा घेतला, आणि युद्धकाळात तिचा भर निर्मितीऐवजी विमानांच्या दुरुस्तीवर राहिला. विशाखापट्टणमच्या गोदीची कोनशिला जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसवली गेली. तेथील ‘जल उषा’ हे जहाज मार्च १९४८ मध्ये पंडित नेहरूंनी पाण्यात सोडले. मात्र अशा जहाजांना लागणारी इंजिने बनवण्याची सोय त्या वेळी देशात नव्हती.

मोटारींचा अनुभव सर्वांत बोलका आहे. विश्वेश्वरय्या यांच्या सहकार्याने आखलेली योजना परकीय सरकारच्या अनास्थेमुळे रखडली. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात गाड्यांची जुळणी सुरू झाली. पण सुट्या भागांचे संच आयात करून ते जोडणे हे काम जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत करतच होती. प्रश्न होता तो पुढच्या पायरीचा. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर १९५३ मध्ये सरकारने, सुटे भाग देशात बनवण्याचा कार्यक्रम असणाऱ्यांनाच या व्यवसायात स्थान राहील, असे धोरण स्वीकारले. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील काम आवरते घेतले, प्रीमियर टिकली. हा बदल पाहण्यास वालचंद राहिले नाहीत. पक्षाघाताने थकलेल्या या उद्योगपतीचे ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे निधन झाले.

आजची साखळी

हाच प्रश्न इलेक्ट्रॉनिक्समध्ये अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. एका चिपचा आराखडा बहुधा अमेरिकेत होतो. तिच्यासाठी लागणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या व रसायने मोठ्या प्रमाणावर जपानमधून येतात. सर्वांत सूक्ष्म छपाईची यंत्रे हॉलंडमधील एकच कंपनी बनवते. चिप तैवानमध्ये घडते, मलेशियासारख्या देशात तिची चाचणी व वेष्टन होते, आणि मग ती जुळणीच्या कारखान्यात पोहोचते. सुट्या भागाचा कारखाना प्रचंड उत्पादनावरच परवडतो. म्हणून जगाची गरज मोजक्या कारखान्यांत एकवटते. जुळणी त्यामानाने अल्प भांडवलात कोठेही होऊ शकते. म्हणूनच तिच्यातील नफा तुटपुंजा राहतो.

२०२० च्या प्रारंभी महासाथीमुळे मोटार कंपन्यांनी चिपची मागणी कमी केली. ती उत्पादनक्षमता संगणक व फोन यांच्याकडे वळली. मागणी परतली तेव्हा मोटार कंपन्या रांगेत मागे पडल्या होत्या, आणि २०२१ मध्ये लाखो रुपयांच्या गाड्या अल्प किमतीच्या चिपअभावी अडकून पडल्या. नवा चिप कारखाना उभारण्यास काही वर्षे लागतात. त्यामुळे पैसे हाती असूनही माल मिळेना.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती योग्य दिशेने आहे. परंतु सर्वच कड्या देशात आणण्याचा हव्यास कोणत्याही राष्ट्राला परवडणारा नाही. वालचंदांचे चरित्र यापेक्षा माफक पण व्यवहार्य मार्ग दाखवते. जेथे कच्चा माल, यंत्र व बाजारपेठ यांची सांगड बसली आणि शासनाचे धोरण दीर्घकाळ स्थिर राहिले, तेथे उद्योग रुजला. जेथे केवळ जुळणी झाली, तेथे परदेशी पुरवठादाराची सोय हीच मर्यादा ठरली. म्हणून किती फोन देशात जोडले गेले यावर समाधान न मानता, त्या फोनच्या किमतीपैकी किती रुपये देशातील कामगार, तंत्रज्ञ व सुट्या भागांचे कारखानदार यांच्या पदरी पडले, हे दरवर्षी तपासले गेले पाहिजे. वालचंदनगरच्या संस्थापकाच्या वारशाचे मोल याच मोजपट्टीने ठरेल.