काटा रुतला की पू का होतो? सर्कस चुकवून घरी बसलेल्या शास्त्रज्ञाने शोधलं उत्तर!

पायात रुतलेला काटा तसाच राहिला की काय होतं? जागा लाल होते, सुजते, ठणकते आणि मग पू धरतो. हा पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढताना मेलेल्या पांढऱ्या पेशी. आज ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती जगाला पटवून द्यायला एका माणसाची पंचवीस वर्षं गेली. त्याचं नाव इल्या मेचनिकॉव्ह.

१८४५ साली आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळ त्यांचा जन्म झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणीशास्त्रज्ञ होते. पण आजारपणाने त्यांची पाठ सोडली नाही. पहिली पत्नी लग्नाच्या दिवशीच इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये क्षयाने ती गेली. पुढे दुसरी पत्नी ओल्गा टायफॉइडमधून कशीबशी वाचली.

१८८२ मध्ये ओडेसा विद्यापीठातली नोकरी सोडून ते कुटुंबासह इटलीतल्या मेसिना शहरात आले. एके दिवशी घरचे सगळे सर्कसला गेले. मेचनिकॉव्ह मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. समोर होत्या तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या. त्यांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. या पेशी शरीराच्या पहारेकरी तर नसतील? मग बाहेरून काही घुसलं तर त्या तिकडे धावायला हव्यात!

त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांमध्ये टोचले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. पहाटे पाहिलं, तर पेशींनी काट्याला घेराव घातला होता!

जंतू गिळणाऱ्या अशा पेशींना पुढे ‘फॅगोसाइट’ म्हणजेच भक्षक पेशी हे नाव मिळालं. त्यांचं काम कसं चालतं? जंतूंमुळे तयार होणाऱ्या रसायनांचा माग काढत पांढरी पेशी तिथे पोचते, आपलं अंग पसरून जंतूला कवेत घेते आणि आतल्या एका पिशवीत कोंडते. मग त्या पिशवीत विकरं आणि जहाल रसायनं सोडून त्याचा खात्मा करते.

पण तेव्हाच्या अनेक डॉक्टरांचा समज नेमका उलटा होता. त्यांच्या मते पांढऱ्या पेशी जंतूंना अंगभर पसरवत होत्या. जर्मनीतले शास्त्रज्ञ म्हणत, संरक्षण करतो तो रक्तातला द्रव, पेशी नव्हेत. वाद वर्षानुवर्षं चालला. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी मेचनिकॉव्ह यांना पॅरिसमध्ये प्रयोगशाळा दिली आणि तिथून त्यांनी आपली बाजू लढवली.

१९०८ चं नोबेल मिळालं ते मेचनिकॉव्ह आणि विरोधी गटातले पॉल एर्लिक या दोघांना मिळून! आणि खरंच दोघंही बरोबर होते. रक्तातली प्रतिपिंडं जंतूला चिकटून त्याच्यावर खूण करतात आणि भक्षक पेशी त्याला गिळतात.

मेचनिकॉव्ह यांचा एक धागा मुंबईशीही जुळतो. १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईत येऊन लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन हे ओडेसातले त्यांचे विद्यार्थी. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

१९१६ मध्ये पॅरिसमध्ये मेचनिकॉव्ह यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी आजही तिथल्या पाश्चर संस्थेत आहेत.