आसवांचं मोल

बँकेत होतो तेव्हा दागिना तारण घ्यायचा तर आधी सोनाराला दाखवावा लागे. तो कसोटीवर घासायचा, वजन करायचा आणि आकडा सांगायचा. पुस्तकाचं असं नाही. डोळ्यांत पाणी आणणारं पुस्तक अस्सल की नुसतंच मुलामा दिलेलं, हे कुणी ठरवायचं? अमळनेरचं नाव निघालं की मला साने गुरुजी आठवतात आणि त्यांच्यामागोमाग हा प्रश्न.

24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातल्या पालगडला जन्मलेले पांडुरंग सदाशिव साने अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान शिकायला. श्रीमंत प्रताप शेठांनी 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं होतं. पण हा तरुण ग्रंथांत रमला नाही. 1924 मध्ये तो शाळेत शिक्षक झाला आणि वसतिगृहातल्या मुलांत गुंतला. मुलांसाठी तो ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढी. वाचक किती? वसतिगृहातली पोरं, तेवढीच! लिहायचं कुणासाठी, हे गुरुजींचं तिथंच ठरून गेलं असावं.

1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी उतरून घेतली आणि 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली.

टॉलस्टॉयचा कलेवरचा ग्रंथ मराठीत आणला तोही गुरुजींनीच. आपल्याला झालेली भावना दुसऱ्याच्या मनात जागवणं म्हणजे कला. ती माणसांना जोडते आणि साध्या शेतकऱ्यालाही कळते, असं टॉलस्टॉयचं मत. या मापानं त्यानं स्वतःच्या थोर कादंबऱ्याही बाजूला सारल्या! खानदेशानं हा विचार डोळ्यांनीही पाहिला. 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून ती नगरी सजवली. त्या अधिवेशनासाठी गुरुजी गावोगाव हिंडले होते.

पण दुसरी बाजूही होती. ना. सी. फडके कलेसाठी कला म्हणत. योगायोग पाहा, ज्या फैजपुरात ते अधिवेशन भरलं, तिथंच 1909 मध्ये बा. सी. मर्ढेकर जन्मले होते. कलाकृतीचं मोल तिच्या हेतूत किंवा परिणामात नसून तिच्या अंगच्या रचनेत, लयीत असतं, असं ते मांडत. त्या कसोटीवर गुरुजींचं बरंचसं लेखन भाबडं ठरतं, आणि ते सगळंच खोटं आहे असं मला म्हणवत नाही. मीही कादंबऱ्या लिहिल्या आहेत. वाचकाला रडवणं फारसं अवघड नसतं, हे मला ठाऊक आहे.

तरीही ‘श्यामची आई’ टिकली. का? अंघोळ झालेल्या श्यामला पायाला माती लागू द्यायची नाही, म्हणून आई आपल्या लुगड्याचा ओचा धोंड्यावर पसरते. मनही असंच स्वच्छ ठेव, हा उपदेश त्यानंतर येतो. आपले डोळे भरतात ते मात्र त्या आधी, ओच्यावर टेकलेल्या ओल्या पावलांपाशी. उपदेश विसरला तरी ती पावलं विसरत नाहीत. मर्ढेकरांनी शोधली असती ती रचना इथंही आहे, फक्त ती मिरवत नाही.

1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी उपोषण केलं. 11 जून 1950 रोजी त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. या गोष्टींनी त्यांचं पुस्तक थोर ठरत नाही. माणूस आणि त्याची कला यांची खाती वेगळी ठेवावीत, हे बँकेतली सवय सांगते. पण माणसाला माणूस जोडावा ही तळमळ दोन्ही खात्यांत एकच दिसते.

2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला मराठी साहित्य संमेलन भरलं. कलेचा वाद अशा मांडवात पूर्वीही चालला, पुढेही चालेल. आज रविवार आहे. घरात लहान मूल असेल तर त्या ओल्या पावलांची गोष्ट त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. कसोटीचा दगड आपल्या घरातच आहे.